शोकशेष

शिरसवडीत वर्षश्राद्ध झालं की आठवडाभरात शमन केंद्राचं पत्र यायचं. पिंडाला कावळा शिवो न शिवो, पत्र चुकायचं नाही. पत्रात दोनच वाक्यं असायची. आपल्या घरातील दुःखास एक वर्ष पूर्ण झाले आहे. ते अजून तितकेच असल्यास तपासून घ्यावे.

पहिली काही वर्षं लोक हसले, मग चिडले, मग सवय झाली. कारण दुःख आता मोजता येत होतं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तो सेरोटोनिन नावाच्या एका रसायनाच्या हाती. पलीकडची पेशी तो ज्या बारीक कप्प्यांत झेलते, त्यांना शास्त्रात ग्राही म्हणतात. केंद्रातले लोक साध्या माणसाला समजावताना ग्राही न म्हणता 'ओंजळ' म्हणायचे. सप्ताहाच्या शेवटी काला वाटताना प्रसाद कमी पडला, की मागच्या रांगेतले हात पुढे येतात ना, तसंच हे. सेरोटोनिन कमी झालं की पेशी जास्त ओंजळी पसरते. जिवाभावाचं माणूस गेलं की त्याच्या आठवणीच्या पेशींवर अशा रिकाम्या ओंजळी वाढत जातात, आणि कुणाकुणाच्या वर्षानुवर्षं मिटत नाहीत. शमन म्हणजे त्या जास्तीच्या ओंजळी मिटवायचं औषध. नाकात चार थेंब. थेंब घालताना गेलेल्या माणसाचा फोटो समोर धरायचा आणि आवाज ऐकवायचा, म्हणजे औषधाला नेमकी जागा सापडते.

अंकुशबुवा गुरवांच्या घरी अशी सहा पत्रं आली होती.

बुवा गावच्या मारुतीचे पुजारी, आणि पंचक्रोशीतले कीर्तनकार. आवाज पहाडी, पण पद म्हणताना असा मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याला आपल्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय असं वाटावं. त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा कीर्तनात मागे टाळ घेऊन उभी राहायची आणि ध्रुपद धरायची. बापाचा श्वास जिथे संपे तिथे तिचा सुरू होई, सांधा कळत नसे. ती सत्तावीस वर्षांची असताना चार दिवसांच्या तापात गेली.

बुवांनी महिनाभराने पुन्हा टाळ हातात घेतला. "माझं काय, माझं कीर्तनात निघून जातंय," असं म्हणायचे. त्यांच्या बायकोचं, मालनचं, मात्र कुठेच निघून गेलं नाही. ती कीर्तनाला यायची बंद झाली. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. दिवसभर मागच्या दारी बसून असायची, मांडीवर मिसरीची डबी आणि बोट दातावर. पूर्वी सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची ती आता दिवसातून दहादा लावू लागली. भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या भुकटीने उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं रंगलं होतं. बाजारातून तंबाखू जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण मालनच्या माहेरी परड्यात चार रोपं असायची. भाऊ पानं आणून द्यायचा, ती तव्यावर भाजायची.

सहावं पत्र आलं तेव्हा तिचं वजन अडतीस किलोवर उतरलं होतं. बुवांनी पत्र मारुतीपुढे ठेवलं, नमस्कार केला आणि ठरवलं. अर्ज घेऊन ते ओट्यावर बसले, मालन पलीकडे दारात बसली होती. बुवा प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची.

"वय?"

"तुमच्यापरीस चार वर्सानं ल्हान लिवा."

"थायरॉइड?"

"त्यो काय असतोय?"

"नसंलच मग. दारू?"

"आता तेवढंच ऱ्हायलं."

सहा वर्षांत पहिल्यांदा ती काहीतरी थट्टेनं बोलली होती. बुवांना तेवढ्यानेही बरं वाटलं. "तंबाखू खाता का, म्हणून इचारलंय."

मालनचं बोट तोंडात होतं. तिने नुसती मान हलवली. नाही.

"विडी, सिगारेट ओढता का?"

तिने बोट काढलं, अंगणात थुंकली आणि म्हणाली, "माझ्या बापानं बी कदी वढली न्हाई."

बुवांनी दोन्हीपुढे 'नाही' लिहिलं. यात त्यांनी काही लपवलं असं नाही, आणि मालनने तर नाहीच नाही. तंबाखू खातात, विडी ओढतात, मिसरी लावतात. पावडर लावावी, कुंकू लावावं, तशी लावतात. बुवा स्वतः पूर्वरंगात व्यसनावर तासभर बोलायचे, तंबाखूवाल्यांची अशी काही फिरकी घ्यायचे की मंडप हसून लोटपोट व्हायचा. आणि घरी येऊन बायकोला विचारायचे, "मिसरी लावून झाली असंल तर च्या टाकतीस का?"

शमन झालं. आठ दिवसांत मालन भाकरी खाऊ लागली, पंधरा दिवसांत शेजारच्या कांताबाईबरोबर बसून शेवया करू लागली. एक दिवस बुवांची टोपी वाऱ्याने उडून म्हशीच्या शेणात पडली, तेव्हा ती पोट धरून हसली. बुवांनी देवळात जाऊन मारुतीला नारळ फोडला. "तुझी लीला अगाध हाय बाबा," ते म्हणाले, "डॉक्टराच्या हातानं का हुईना."

मग हनुमान जयंतीचा सप्ताह आला. मालन सहा वर्षांनी पहिल्यांदा कीर्तनाला आली, बायकांच्या पुढच्या रांगेत बसली. त्या संध्याकाळी बुवांनी रिकाम्या रथाचं आख्यान लावलं होतं. वनात गेलेल्या लेकराला सोडून रथ परत येतो, आई दाराशी धावते, घोड्यांच्या तोंडाकडे बघते, चाकांना लागलेली माती हातात घेते आणि सारथ्याला विचारते, "ही माती कुठली रे?" बुवांनी हे आख्यान सहा वर्षांत लावलं नव्हतं. आज मालनसाठी लावलं होतं, तिचं आणि आपलं एकदाच मोकळं व्हावं म्हणून. माती हातात घेतल्याचं सांगताना त्यांनी पद अर्ध्यावर सोडलं. मागे ध्रुपद धरणारा थांबला. सगळा मंडप मुसमुसत होता.

मालन मांडीवर हाताने ठेका धरून बसली होती. डोळे स्वच्छ, कोरडे. चेहऱ्यावर कौतुक होतं.

घरी येताना ती म्हणाली, "आज आवाज काय लागला हुता वो तुमचा. लई दिसांनी."

"मालन, ऋतूची याद आली का गं?"

"आली की," ती सहज म्हणाली. "ती असती तर ध्रुपद आजून रंगलं असतं. ह्यो मागचा टाळकरी कच्चा हाय."

त्या दिवसापासून बुवा तिच्याकडे पाहू लागले, आणि जे दिसलं त्याने त्यांना जेवण जाईना. तिने ऋतुजाच्या साड्या कांताबाईच्या सुनेला दिल्या, "पडूनच हाईत, वाळवी लागंल," म्हणून. ऋतुजाचा विषय निघाला की ती टाळायची नाही. सगळं सांगायची. कितव्या दिवशी ताप चढला, कोणता डॉक्टर आला, काय म्हणाला. तपशिलात एक अक्षर चुकायचं नाही. एस.टी.चं वेळापत्रक विचारल्यावर कंडक्टर सांगतो, तसं सांगायची.

बुवा तिला घेऊन केंद्रात गेले.

तिथल्या शास्त्रज्ञ डॉक्टर सबा मुजावर. मुजावर म्हणजे दर्ग्याची दिवाबत्ती करणारं घराणं. बुवांची ओळख होताच त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही मारुतीचे, आम्ही पिराचे. सेवा आपली एकच." आज मात्र बुवांचं ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. मालनच्या मेंदूचा नवा नकाशा काढून त्यांनी पडद्यावर जुन्याशेजारी लावला आणि कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या.

"हे असं व्हायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या हिशेबाने माया राहते, नुसती तिची धार जाते. मावशी, तुम्हाला दुसरा काही आजार होता का आधी?"

"मला काय धाड भरलीया," मालन म्हणाली. खूप वेळ बसून तिला कंटाळा आला होता. तिने कनवटीची डबी काढली, चिमूट घेतली आणि बोट दातावर फिरवू लागली.

डॉक्टरांचे डोळे त्या बोटावर थांबले. "हे काय लावताय?"

"मिसरी."

"ती तंबाखूचीच ना?"

"तंबाखू खात्यात बाई," मालन तिला समजावत म्हणाली. "ही दाताला लावायची."

"किती वर्षं लावताय?"

"लगीन झाल्यापास्नं. सासूनं लावली सवय. छत्तीस वर्सं झाली असत्याल."

मग डॉक्टर सबा बुवांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, टेबलाच्या पलीकडे नाही.

"बुवा, माझी नानीसुद्धा लावायची. आणि अर्जात हा प्रश्न नाही, हे मला आजवर सुचलं नाही."

"पण मिसरीचा आन् ऋतूचा काय संबंध?"

"सांगते. मिसरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, तिथून मेंदूत. आधी ते सेरोटोनिन उसळून सोडायला लावतं, म्हणून लावल्यावर बरं वाटतं. पण वर्षानुवर्षं हेच चाललं की मेंदू आपला हात आखडता घेतो. खूप पूर्वी, मेलेल्या विडीकाडीवाल्यांचे मेंदू तपासले होते. त्यांच्या आठवणींच्या भागात सेरोटोनिन कमी होतं, आणि ओंजळी मात्र जास्त. म्हणजे दुःखाने जे होतं तसंच काहीसं निकोटिनने होतं. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही."

"मंग तुमच्या यंत्राला कसं कळतंय?"

"त्याला कळत नाही, ते वजाबाकी करतं. एकूण जास्तीच्या ओंजळी किती, त्यातून वयाच्या वजा, आजाराच्या वजा, तंबाखूच्या वजा. मग जे उरतं त्याला आम्ही शोकशेष म्हणतो. तेवढं मिटवायचं. मावशींच्या शंभर ओंजळी जास्त होत्या असं धरा. त्यातल्या बहात्तर मिसरीच्या असणार. दुःखाच्या फक्त अठ्ठावीस. पण अर्जात तंबाखू नाही म्हटलं, म्हणून यंत्राने शंभरच्या शंभर दुःखाच्या धरल्या."

"बरं, मंग शंभर मिटवल्या. त्यात मिसरीच्या बी मिटल्या. काय बिघडलं?"

"तिथेच तर बिघडलं. मिसरीच्या ओंजळी आठवणींच्या सगळ्या भागात विखुरलेल्या असतात. औषध तिकडे जातच नाही. त्याला आपण ऋतुजाचा फोटो दाखवला, आवाज ऐकवला, ते थेट तिच्या आठवणीपाशी गेलं. तिथे शंभर मिटवायचा हुकूम होता. अठ्ठावीस दुःखाच्या मिटल्या. उरलेल्या बहात्तर त्याने तिथूनच घेतल्या. ज्या लेक जन्मली त्या दिवसापासून उघड्या होत्या, त्या."

बुवांना समजलं, पण समजलेलं आत शिरायला वेळ लागला. "म्हंजी मायेच्या."

"ओंजळीवर लिहिलेलं नसतं बुवा, ही दुःखाची आणि ही मायेची."

मालन खिडकीपाशी उभी राहून बाहेरच्या गुलमोहोराकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "येवढं काय झालंय?" ती म्हणाली. "मला तर कुटं दुकत न्हाई."

उपाय होता. उलट थेंब असायचे, मिटलेल्या ओंजळी पुन्हा उघडणारे. पण ते निवड करत नसत. अठ्ठावीस आणि बहात्तर सगळ्या एकदम उघडल्या असत्या, आणि सहा वर्षांचं दुःख सहा वर्षांपूर्वीच्या ताजेपणाने परत आलं असतं. काहींना ते सोसत नाही, असंही डॉक्टरांनी लपवलं नाही. मालनचं वय आणि वजन बघता त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते." शमनापासून नव्वद दिवसांच्या आत ते व्हायला हवं होतं, त्यापुढे मिटलेली ओंजळ विरून जाते. खरं तर अशी मागणी ज्याची त्याने करायची. पण इथे चूक अर्जातली होती, म्हणून ज्याने अर्ज भरला त्याला दुरुस्तीवर सही करायचा अधिकार होता. तेरा दिवस उरले होते.

"तुला काय वाटतंय?" बुवांनी एस.टी.त तिला विचारलं.

"तुमी म्हणाल तसं. पर कशाला?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. जी भूक लागत नाही ती कुणी मागून घेत नाही.

ते तेरा दिवस बुवांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. सकाळी मारुतीला शेंदूर लावताना हात थांबायचा. सही करावी. करायलाच हवी. माझ्या हाताने तिची लेक पुसली गेली. 'तंबाखू खाता का' हे माझ्याच तोंडाने विचारलं, तिचं बोट तोंडात असताना, आणि मी, जन्मभर शब्दावर जगलेला माणूस, खाणं आणि लावणं यातली फट मला दिसली नाही. मग घरी यावं तर मालन चुलीपाशी गुणगुणत असायची. गालावर मांस आलं होतं. पानात दोन भाकऱ्या घ्यायची, आणि बुवांनी अर्धी ठेवली तर रागवायची. बुवांवरची तिची माया तसूभर कमी झाली नव्हती, औषध त्या वाटेला गेलंच नव्हतं.

आजवर किती कीर्तनांतून त्यांनी सांगितलं होतं की विरह हाच भक्तीचा प्राण आहे. भरल्या ओंजळीने कुणी देवाला आळवत नाही. रिकामी ओंजळच वर होते. लोक माना डोलवायचे. आता त्यांना तेच सांगणं आपल्या बायकोच्या बाबतीत खरं करायचं होतं, आणि धीर होत नव्हता.

तेराव्या दिवशी सकाळी ते देवळाच्या पायरीवर कागद घेऊन बसले. मारुतीकडे बघून त्यांनी स्वतःला एक सरळ प्रश्न विचारला. हे कुणासाठी करतोयस? ऋतूसाठी? ती तर सुटली. मालनसाठी? तिला काही नकोय. मग उरलं कोण? सहा वर्षं रोज ते म्हणत आले होते की माझं कीर्तनात निघून जातं. खोटं होतं ते. मागच्या दारी एक बाई बसलेली असायची, तिच्याकडे बघून निघून जायचं. अर्धं ओझं ती धरून होती म्हणून त्यांना गाता येत होतं. आता सगळं त्यांच्या एकट्याच्या अंगावर आलं होतं, आणि ते झेपत नव्हतं, म्हणून तिला परत बोलवायचं होतं. जेवणारी बाई उठवून पुन्हा रडायला बसवायची, सोबत म्हणून.

"देवा, येवढा काय मी वंगाळ न्हाई," ते पुटपुटले.

कागदावर सही झाली नाही. पाच वाजता केंद्राची मुदत संपली. बुवांनी सांजआरती केली आणि घरी येऊन मालनने वाढलेल्या दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओट्यावर बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होते. ऋतुजाच्या टाळाची दोरी सोडवताना आतल्या गाठीत गुंतलेला एक लांब काळा केस निघाला. बुवांनी तो उजेडात धरला. मग त्यांना पुढचं दिसेना. खांदे हलू लागले. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण रडं थांबतही नव्हतं.

मालन बाजाराला निघाली होती. पिशवी हातात, चपला पायात. उंबऱ्यातून तिने बुवांना पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. चपला काढून ती ओट्यावर आली. नेहमीसारखी शेजारी बसली नाही. थोडं अंतर ठेवून, कडेला, पदर डोक्यावरून पुढे ओढून, दोन्ही हात मांडीत घेऊन बसली. काही वेळ गप्प राहिली, तसं राहायचं असतं म्हणून. मग हलक्या आवाजात, खऱ्या मायेने म्हणाली,

"सावरा वो आता. देवाच्या मर्जीफुडं कुणाचं काय चालतंय? लई गुणाची हुती लेक तुमची."

बुवांनी मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बुवांसाठी होतं.

ती आणखी थोडी बसली. मग उठली, पदर सारखा केला, चपला घातल्या. रोज बाजाराला जाताना ती फाटकातून "येते वो" अशी हाक द्यायची. पण दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मालन काही न बोलता, मागे वळून न बघता, फाटक हळू लोटून निघून गेली.